ओळंबा, पाणसळ आणि जीपचे कलमापक यंत्र

या पानांत बहुधा ताम्रपट, महजर, करीने व शकावल्या यांचा विचार होतो. प्रस्तुत लेख ज्या साधनावर उभारला आहे ते यांपैकी काहीच नव्हे. ते साधन म्हणजे चिपळूण येथील आमच्या एका माजी विद्यार्थ्याची वही होय. वही दोनशेपानी, एकरेघी, पुठ्ठ्याच्या बांधणीची आहे. पहिली सोळा पाने गॅरेजच्या उधारीची, पुढील एकाहत्तर पाने आमच्या विषयाची, बाकीची कोरी. अक्षर आद्यंत एका हाताचे व निळ्या शाईचे. समासात तांबड्या शाईच्या काही टिपा आहेत, तो हात आमचा. लेखन ऱ्हस्वदीर्घाच्या दृष्टीने बेताचे, परंतु आकडे स्वच्छ. खोडलेला आकडाही वाचता येईल अशा रीतीने एकाच रेघेने खोडला आहे. हा गुण आमच्या पाहण्यातील कित्येक जुन्या कारकुनांत नव्हता, हे मुद्दाम नमूद करणे प्राप्त आहे.

वहीचा विषय असा. आडवाटेने जाणारी जीप चढणीवर किंवा उताराच्या कडेने चालत असता पुढेमागे व डावीउजवीकडे किती अंश कलली आहे हे चालकासमोर आकड्यांत दाखवावे आणि मर्यादा ओलांडताच भोंगा वाजवावा, असे विजेवर चालणारे छोटे यंत्र घरच्या घरी कसे जुळविले त्याची ही दैनंदिनी आहे. असली यंत्रे जगात नवी नाहीत. आता कारखान्यातून निघणाऱ्या काही नव्या गाड्यांत ही सोय समोरच्या पडद्यावरच मिळते. मग इतिहाससंशोधकांनी तिकडे का पाहावे? आमचे उत्तर असे की, या वहीत एक जुना वाद नव्याने उपस्थित झाला आहे. ओळंबा खरे सांगतो की खोटे, हा तो वाद. त्यात आम्ही एका पक्षाने उतरलो होतो आणि अर्धे जिंकून अर्धे हरलो, हेही प्रारंभीच सांगून टाकतो.

प्रथम यंत्राचे कारण. २०१९ च्या पावसाळ्यात आमचा विद्यार्थी कुंभार्ली घाटाच्या अंगाच्या एका वाडीवर जीप घेऊन चालला होता. डांबरी रस्ता संपून मातीची वाट लागली. डाव्या हातास ओढा, उजव्या हातास डोंगर. गाडीत माणसे सहा, टपावरील कॅरियरवर तांदळाची पोती व छपराचे पत्रे. वाट ओढ्याकडे कललेली होती. गाडी डावीकडे जाते असे वाटताच त्याने स्टिअरिंग झटक्याने डोंगराकडे वळविले, आणि त्याच क्षणी गाडी ओढ्याच्या बाजूस कलंडली. ओढा उथळ म्हणून जीवावर बेतले नाही. एका वृद्ध बाईचा हात मोडला, तो पुढे कधी पुरता सरळ झाला नाही. पाऊस ओसरल्यावर त्याने त्याच जागी जाऊन कंपासपेटीतील कोनमापक व दोरा यांनी वाटेचा उतार मोजला, तो २५ अंश भरला. जीपच्या डाव्या व उजव्या चाकांतील अंतर १२४ सेंटिमीटर. भारमध्याची उंची त्याने ट्रकच्या वजनकाट्यावर गाडी एकदा सपाट व एकदा पुढची चाके उचलून तोलून काढली. रिकाम्या गाडीची ती ६८ सेंटिमीटर आली. अर्ध्या अंतरास, म्हणजे ६२ स, ६८ ने भागता ०.९१ येतात, आणि त्यास अनुरूप कोन ४२ अंशांचा होतो. भारमध्यातून खाली सोडलेला लंब चाकांच्या बाहेर पडेपर्यंत गाडी उलटत नाही, हे शाळेत शिकविलेले तत्त्व. वहीत या आकड्याखाली दोन रेघा ओढून लिहिले आहे, ‘४२ ला पडायची ती २५ ला का पडली?’ पुढील सगळी पाने या एका ओळीच्या मागे लागलेली आहेत.

येथे साधनचिकित्सेचा एक मुद्दा. वरील आकडे ज्या वहीत प्रथम लिहिले गेले ती ही वही नव्हे. ती पहिली वही २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात गेली. त्या दिवशी चिपळूण शहरात पाणी कोठवर चढले होते हे येथील रहिवाशांस सांगावयास नको; १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथांचीही त्या पुराने हानी केली. पोथ्यांची पाने एकमेकांस चिकटून त्यांचा लगदा होतो तेव्हा काय वाटते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांस गॅरेजच्या वहीची हळहळ अतिरेकी वाटेल. पण पोथीची दुसरी प्रत क्वचित कोठे तरी सापडते, मिस्त्रीच्या वहीची सापडत नाही. सबब विद्यमान वहीतील २०१९ चे आकडे हे स्मरणावरून केलेले पुनर्लेखन आहे. वाटेचा उतार आम्ही पुढे स्वतः जाऊन पाहिला. दोन जागी २४ व २५ अंश भरला. तेव्हा तेवढ्यापुरती नक्कल विश्वसनीय मानण्यास हरकत नाही.

पुरात वहीबरोबर पहिले यंत्रही गेले. ते असे होते: जुन्या रेडिओतील आवाज कमीजास्त करावयाचे बटण, त्याच्या दांडीस आडवी पट्टी, पट्टीच्या टोकास शिशाचा गोळा, आणि तो गोळा फार डुलू नये म्हणून एंजिनाच्या तेलात बुडविलेला. गाडी कलली की गोळा जागीच लोंबत राहावयाचा, पेटी त्याच्याभोवती फिरावयाची, बटण पिळले जाऊन विजेचा दाब बदलावयाचा व तो काट्याने दाखवावयाचा. वर्णन ऐकताच आम्ही त्याला म्हणालो, ‘अरे, हा तर ओळंबा!’ तो थोडा हिरमुसला. त्या यंत्राचा दोष असा की बटणाच्या घर्षणामुळे तीन अंशांपर्यंतचा कल ते दाखवीतच नसे.

ओळंबा हा शब्द संस्कृत ‘अवलंब’ या शब्दापासून आला आहे. गवंड्याच्या हातातील हा शब्द शास्त्रग्रंथांत जसाच्या तसा भेटतो. मेवाडात महाराणा कुंभाच्या काळी, म्हणजे इसवी सनाच्या पंधराव्या शतकात, मंडन सूत्रधाराने रचलेल्या ‘राजवल्लभ’ ग्रंथात शिल्प्याची आठ सूत्रे मोजली आहेत. त्यांत दृष्टी, गज, मुंजाची दोरी, कापसाचे सूत यांच्या पंक्तीस अवलंब बसविला आहे. आपला गवंडी ज्याला गुण्या म्हणतो तोही त्याच यादीत काष्ठ या नावाने येतो. याहून जुना आधार आर्यभटाचा. आर्यभटीयाच्या गणितपादात त्याने एकाच आर्येत सांगितले आहे की वर्तुळ कर्कटकाने, त्रिकोण व चौकोन कर्णाने, सपाट भूमी पाण्याने आणि ऊर्ध्वाधर दिशा लंबकाने साधावी. ग्रंथाचा काळ इसवी सन ४९९ असा धरतात. म्हणजे पाणसळ व ओळंबा ही जोडी निदान दीड हजार वर्षे शास्त्रात एकत्र आहे. यानंतर ६२९ साली पहिल्या भास्कराने आर्यभटीयावर जे भाष्य लिहिले त्यात पाण्याने भूमी साधण्याची कृती दिली आहे: जमिनीवर तिवईवर पाण्याचा घडा ठेवून त्यास छिद्र पाडावे व धार एकसारखी पडू द्यावी, पाणी चहूकडे वाटोळे पसरले तर भूमी सम, एखाद्या बाजूस साचले तर ती बाजू नीच, जेथे पोहोचले नाही ती उच्च. या कृतीत एक अट आहे आणि आमच्या वादाचे बीज तीतच आहे. वारा नसावा, अशी ती अट. साधन स्थिर राहील तोवरच त्याची साक्ष ग्राह्य, असा या अटीचा अर्थ आम्ही घेत आलो होतो. युरोपात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात थेव्हनो याने काचेच्या नळीत द्रव भरून त्यात हवेचा बुडबुडा ठेवला व आजची पाणसळ सिद्ध केली. स्थिरतेची अट तिलाही सुटली नाही.

आता दुसरे यंत्र. हे पुरानंतर २०२२ साली जुळविले गेले व त्यास एकंदर खर्च हजार रुपयांच्या आत आला. त्याचे अंग तीन वस्तूंचे आहे. इटलीतील इव्हरेया येथे २००५ साली विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी निघालेला आर्डुइनो नावाचा बोर्ड, त्याच्या धाकट्या भावंडांपैकी एक. बोटाच्या दोन पेरांएवढा पडदा. आणि एमपीयू-६०५० नावाची चिप. चिप चार मिलिमीटर चौरस आहे. तिच्या पोटात सिलिकनचाच एक अतिसूक्ष्म भार सिलिकनच्याच स्प्रिंगांवर टांगलेला असून त्यास फणीसारखे दाते आहेत. समोर स्थिर दात्यांची दुसरी फणी आहे. कल होताच भार आपल्या वजनाने किंचित सरकतो, दात्यांतील अंतर बदलते, त्याबरोबर त्यांची विद्युत् धारण करण्याची शक्ती बदलते, व तो बदल अंकांत बाहेर येतो. संपूर्ण गुरुत्वास १६३८४ अंक अशी तिची मोजणी आहे. म्हणजे ३० अंशांच्या उतारावर, जेथे वजनाचा अर्धा भाग उताराच्या दिशेने ओढतो, ८१९२ अंक आले पाहिजेत. सपाटीजवळ एका अंशास सुमारे २८६ अंक पडतात. शिशाचा गोळा गेला, तेल गेले, घर्षण गेले. पण टांगलेला भार राहिला. तेव्हा हाही ओळंबाच, हे आमचे म्हणणे त्याने या खेपेस हसून मान्य केले.

यंत्र बसविण्यापूर्वी ते खरे करून घेणे आवश्यक होते. चिप टेबलावर सपाट ठेवली तरी शून्य दाखवीना. टेबलच सपाट कशावरून, असा प्रश्न आला. यावर येथील एका वृद्ध गवंड्याने सांगितलेली युक्ती उपयोगी पडली. पाणसळ खोटी आहे की फळी वाकडी आहे हे कळण्यासाठी गवंडी ती त्याच जागी उलट टोकांनी ठेवून पाहतो. चिपेने एका तोंडाने ४५२ व उलट तोंडाने १७२ अंक दिले. दोहोंची सरासरी ३१२, हा चिपेचा अंगभूत दोष. आणि दोहोंच्या वजाबाकीचे अर्ध, १४०, हा टेबलाचा खरा कल, म्हणजे सुमारे अर्धा अंश. त्या टेबलावर आम्ही वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका तपासल्या, ते अर्धा अंश कललेले होते हे आम्हांस या निमित्ताने कळले.

यापुढील कामी आमच्या संस्कृताचा अल्पसा उपयोग झाला. निरनिराळे कोन अचूक कसे मिळवावे? कोनमापक लहान व त्यावरच्या रेघा जाड. शंभर सेंटिमीटर लांबीची सरळ सागवानी फळी घेऊन तिचे एक टोक ठराविक उंचीवर उचलावे, म्हणजे कोन आपोआप मिळतो. उंची काढावयास ज्या हवी. आर्यभटाने ३४३८ कलांच्या त्रिज्येवर पावणेचार अंशांच्या अंतराने चोवीस ज्या दिल्या आहेत. साडेसात अंशांची ज्या ४४९, पंधराची ८९०, साडेबावीसाची १३१५, तिसाची १७१९, साडेसदतिसाची २०९३. प्रत्येकीस ३४३८ ने भागून शंभराने गुणता फळीची उंची अनुक्रमे १३.१, २५.९, ३८.२, ५०.० व ६०.९ सेंटिमीटर येते. विद्यार्थ्याने मोबाइलवर साइन काढून ताडून पाहिले. पहिल्या दशांश स्थळी फक्त साडेबावीसाच्या उंचीत एकाने फरक पडला, तो सुताराच्या रंध्याच्या मानाने नगण्य. वहीच्या बत्तिसाव्या पानावर हे कोष्टक आहे व त्याच्या शिरोभागी ‘आर्यभट टेबल’ असे लिहिले आहे. ते पान पाहून आम्हांस जो आनंद झाला तो लपविण्याचे कारण दिसत नाही.

यंत्र गाडीत बसले. उभ्या गाडीत ते अर्ध्या अंशापर्यंत अचूक चाले. गाडी सुरू होताच मात्र आकडे पिशाच लागल्यासारखे नाचू लागले. सपाट रस्त्यावर ब्रेक लावताच यंत्र म्हणे, गाडी पंचवीस अंश उतारावर आहे. याचे कारण उघड आहे. गुरुत्वाच्या निम्म्या जोराने ब्रेक लागला तर टांगलेला भार पुढे झुकतो व साडेसव्वीस अंशांचा उतार असता जेवढा झुकला असता तेवढाच झुकतो. वजन कोणते व हिसका कोणता हे त्या भाराला कळण्याचा मार्ग नाही.

या गोष्टीचे एक प्रसिद्ध उदाहरण चिपळूणच्या डोक्यावरच आहे. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून ज्या पोफळी येथे उतरते ते याच तालुक्यात. शके १८८९ च्या मार्गशीर्षात, ११ डिसेंबर १९६७ रोजी, पहाटे सव्वाचारच्या सुमारास भूकंप झाला तेव्हा आम्ही सात वर्षांचे होतो. माजघरात टांगलेला कंदील आढ्याला कललेला दिसला आणि वाटले की घर उभे असून कंदीलच वाकडा झाला आहे. त्याच वेळी कोयना धरणाच्या पायथ्याच्या गॅलरीत एक प्रवेगलेखक यंत्र आपले काम करीत होते. भार, स्प्रिंग व लेखणीच्या ठिकाणी प्रकाशकिरण, अशी त्या जातीच्या यंत्रांची घडण असते. धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वाच्या ०.६३ पट, प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट व ऊर्ध्व दिशेने ०.३४ पट असे हिसके त्याने नोंदविले. धरणाजवळ इतक्या निकट मिळालेली ही नोंद जगभरच्या अभियंत्यांनी पुढे अभ्यासिली. ०.६३ या हिसक्याचे ओळंब्याच्या भाषेत रूपांतर केले तर ३२ अंश होतात. म्हणजे तितक्या जलद हलू शकणारा एखादा ओळंबा तेथे असता तर तो क्षणभर ३२ अंश कलला असता, धरण मात्र कललेले नव्हते. तरी ती नोंद खोटी होती असे कोणी म्हणत नाही. हा विचार आम्हांस त्या वेळी सुचला नाही, पुढे सुचला.

आमच्या विद्यार्थ्याने यावर प्रचलित उपाय केला. त्याच चिपेत जायरो नामक दुसरे अंग आहे. ते वजन पाहत नाही. गाडी दर सेकंदास किती अंश वळली एवढेच सांगते. हे अंश मिळवीत गेले म्हणजे कोन मिळतो व ब्रेकचा त्यावर परिणाम होत नाही. परंतु त्यातील सूक्ष्म चूकही मिळवीत जाते व काही मिनिटांत बेरीज भलतीकडे वाहते. म्हणून दोहोंचा मेळ घालतात: बहुतांश विश्वास जायरोवर, अल्पांश ओळंब्यावर, असे सेकंदास शंभर वेळा. त्याने प्रथम ०.९८ व ०.०२ असे वाटे केले, ते पुरेनात. वाढवीत वाढवीत ०.९९९ व ०.००१ वर आला. आता ब्रेक लावला तरी आकडा जागचा फारसा हलेना. यंत्र शांत झाले. भोंगा ३० अंशांवर बांधला. वहीत ‘काम फत्ते’ असे मोठ्या अक्षरांत आहे.

गेल्या मार्गशीर्षात त्याने ते आम्हांस दाखविण्यासाठी शहराबाहेरील जांभ्याच्या एका सोडलेल्या चिरेखाणीत नेले. खाणीचा तळ सपाट आहे. आम्ही हट्टाने गवंड्याचा ओळंबा बरोबर घेतला होता. तो जीपच्या टपाच्या आडव्या दांडीस टांगला, मागे पुठ्ठ्यावर अंश आखले आणि गोळा तेलाच्या डब्यात सोडला. पंधरा मीटर त्रिज्येचे वर्तुळ दोरीने आखून त्याच्या चौथ्या भागावरून ताशी वीस किलोमीटर वेगाने गाडी वळविली. वळण चारएक सेकंदांत संपले. तेवढ्यात ओळंबा बाहेरच्या बाजूस सुमारे बारा अंश झुकला. यंत्राने चार दाखविले. तीनदा करून पाहिले, एखाद्या अंशाचा फरक.

‘सर, जमीन सपाट आहे. तुमचा ओळंबा खोटे बोलतो. माझे यंत्रसुद्धा चारच्या ऐवजी शून्य म्हणायला हवे होते,’ तो म्हणाला.

आमच्याजवळ तत्काळ उत्तर नव्हते. पहिल्या भास्कराची निवात भूमीची अट आठवली व ती त्याच्याच बाजूची वाटली. घरी आल्यावर उलट बाजूचे एक उदाहरण आठवले, ते हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील. उत्तरेकडील कलियाना व मध्य हिंदुस्थानातील कल्याणपूर या दोन ठाण्यांतील अंतर साखळीत्रिकोणांनी एक व ताऱ्यांच्या वेधांनी दुसरे आले, आणि दोहोंत ५.२३६ विकलांचा फरक पडला. वेधयंत्र ओळंब्यावर बसविलेले असते, आणि हिमालयाच्या राशीने ओळंबा स्वतःकडे ओढला होता, असा तर्क करून कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट यांनी १८५५ साली गणित मांडले; तेव्हा फरक उलट १५.८८५ विकला असावयास हवा होता असे निघाले. या न जुळणाऱ्या आकड्यांतूनच पर्वतांच्या तळाशी हलके द्रव्य असते ही कल्पना पुढे आली. आम्हांस त्यातून एवढेच घ्यावयाचे आहे की, ओळंबा रेखागणितातील लंब कधी सांगतच नाही. त्या जागी, त्या क्षणी, वस्तू कोणीकडे ओढल्या जात आहेत एवढेच तो सांगतो. ज्याला भूमितीचा लंब हवा त्याला तो फसवितो. ज्याला ओढ हवी त्याला तो फसवीत नाही.

मग जीपला यांपैकी काय हवे? येथे आम्ही ‘४२ ला पडायची ती २५ ला का पडली’ या ओळीकडे परत गेलो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या गॅरेजात बसून दोघांनी मिळून हिशेब मांडला. रिकाम्या गाडीचा भारमध्य ६८ सेंटिमीटरवर. आत सहा माणसे व टपावर पोती असता तो ८० च्या आसपास चढतो. ६२ ला ८० ने भागले म्हणजे मर्यादा ४२ वरून ३८ अंशांवर आली. उतरत्या बाजूचे पाटे व टायर दबून गाडी जी जास्तीची झुकते ती त्याने उभ्या गाडीवर माणसे बसवून मोजली, सुमारे चार अंश. राहिले ३४. वाट २५ अंशांची. उरलेले नऊ अंश कोठून आले? वेग ताशी पंधरा किलोमीटर व वळणाची त्रिज्या दहा मीटर धरली, आणि गाडी डोंगराकडे झटक्याने वळली त्यास याहून मोठी त्रिज्या धरता येत नाही, तर गुरुत्वाच्या सुमारे ०.१८ पट हिसका ओढ्याच्या दिशेने बसतो. ओळंब्याच्या भाषेत तो नऊ ते दहा अंशांचा झोक होतो.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘म्हणजे मी डोंगराकडे वळवली नसती तर पडली नसती.’

ओढ्याकडे, म्हणजे उताराच्या दिशेने, थोडी सोडली असती तर हाच झोक डोंगराच्या बाजूस बसून गाडी सावरली असती, हे हिशेबाने खरे आहे. दरीच्या कडेला बसलेल्या मनुष्याच्या हातास ते सुचणे कठीण, हेही तितकेच खरे. आम्ही त्याला तसे सांगितले. त्याने ते कितपत मानले हे त्याचे त्यास ठाऊक.

परंतु यंत्रासंबंधी निर्णय आता स्पष्ट झाला. तेच शांत केलेले यंत्र २०१९ साली त्या गाडीत असते, तर दोन सेकंदांच्या त्या वळणात त्याने २५ चे फार तर २७ केले असते. भोंगा ३० वर बांधलेला. गाडी कलंडेपर्यंत तो वाजला नसता. जो झोक चूक म्हणून त्याने मोठ्या कौशल्याने गाळून टाकला होता त्यानेच गाडी पडली होती. गाडीलाही वजन व हिसका यांतील भेद कळत नाही. तीही एक मोठा टांगलेला, किंवा उलटा ठेवलेला, भारच आहे. म्हणून गाडी उलटेल काय या प्रश्नास ओळंब्याचा बारा हाच खरा आकडा. जमीन किती उतरती आहे या प्रश्नास मात्र त्याचे यंत्र अधिक खरे, आणि तेथे आम्ही हरलो. पोथ्यांचे पाठ मिळविताना दोन प्रतींत दोन निरनिराळे पाठ आले म्हणजे एक खरा व एक भ्रष्ट असे धरून चालण्याची आपणांस सवय असते. कधीकधी दोन्ही प्रती दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात.

यंत्राचे तिसरे रूप सध्या जीपमध्ये आहे. पडद्यावर आता दोन आकडे दिसतात. वरच्यास त्याने ‘उतार’ असे नाव दिले आहे. तो जायरोने शांत केलेला. खालच्यास ‘झोक’ असे नाव आम्ही सुचविले व ते त्याने घेतले. हा चिपेतील ओळंब्याचा, फक्त खड्ड्यांची खळबळ जावी म्हणून अर्ध्या सेकंदाची सरासरी काढलेला. भोंगा झोकास बांधला असून मर्यादा ३० वरून २५ वर आणली आहे. त्यामुळे तो वारंवार वाजतो व माणसे त्रासतात. टपावर पोती असली तर तो २० वर बांधावा असे आमचे मत आहे. विद्यार्थ्याचे मत असे की इतका वाजणारा भोंगा चालक एक दिवस तोडून टाकील. या बाबतीत त्याचा अनुभव आमच्याहून मोठा असल्याने आम्ही आग्रह धरला नाही. टपावरचे कॅरियर मात्र त्याने काढले.

शेवटी संग्राहकांसाठी एक गोष्ट. चालत्या वाहनावर बसून ओळंब्याच्या साहाय्याने काही मोजावे ही कल्पना कोकणास नवी नाही. ग्रहलाघवाचा कर्ता गणेश दैवज्ञ हा मुरूड-जंजिऱ्याजवळील नांदगावचा; ग्रंथाचा आरंभशक १४४२, म्हणजे इसवी सन १५२०. त्याने प्रतोदयंत्र या नावाचे एक लहान प्रकरणही रचले आहे. प्रतोद म्हणजे चाबूक. चाबकाच्या दांड्यासारखे हे गोल यंत्र वरून टांगते धरावयाचे, त्याच्या आडव्या खुंटीची सावली दांड्यावरील रेषांवर पाडावयाची, आणि घोडेस्वाराने वाटेत वेळ जाणावयाची. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय ज्योतिःशास्त्राच्या इतिहासात गणेश दैवज्ञाच्या कृतींचा परामर्श आहे. दीक्षितही आमच्यासारखे शाळामास्तर, व मुरूडचेच. मात्र ते मुरूड दापोली तालुक्यातील, जंजिऱ्याचे नव्हे, या दोहोंची गल्लत पुष्कळ ठिकाणी होते. प्रतोदयंत्र टांगते धरल्यावर त्याचा दांडा लंब राहिला तरच सावली खरी. म्हणजे घोड्याच्या चालीचा झोक गणेश दैवज्ञासही चुकवावयाचा होता.

ज्यांच्या संग्रही प्रतोदयंत्राची टीकेसह पोथी असेल त्यांनी वेध घेण्याच्या स्थळाचा भाग उघडून पाहावा: घोडा उभा करून यंत्र धरावयाचे, की चालत्या घोड्यावर, आणि चालत्यावर असल्यास हात कसा ठेवावयाचा. तो मजकूर यथामूल उतरून त्रैमासिकाकडे पाठविल्यास आमच्याबरोबर चिपळुणातील एक गॅरेजवालाही त्यांचा ऋणी होईल. वहीची एकशे तेरा पाने अजून कोरी आहेत.